अपघातातील दुखापतीची भरपाई : विमा कंपनीशी तडजोड करताना

मोटारीच्या धडकेत जखमी झालेला माणूस रुग्णालयातून घरी येतो. पायात सळई, हाताला प्लॅस्टर, पुढचे काही महिने अंथरुणावर. अशात एके दिवशी एक गृहस्थ दारात उभे राहतात. धडक देणाऱ्या मोटारीचा विमा ज्या कंपनीकडे आहे, तिने नेमलेले ते तपासनीस असतात. ते आस्थेने प्रकृतीची विचारपूस करतात, अपघात कसा घडला ते ऐकून घेतात, दोन पानी जबाब लिहितात आणि खाली सही मागतात. कधी त्यांच्या मागोमाग एखादा मध्यस्थही येतो. ‘कोर्टात वर्षानुवर्षे जातील, आज हाती पडेल ते घेऊन मोकळे व्हा,’ असा त्याचा सल्ला असतो. घरातला कमावता माणूस आडवा पडलेला, रुग्णालयाचे बिल उसनवारीवर भागवलेले, अशा अवस्थेत तो सल्ला शहाणपणाचा वाटतो आणि सही होऊन जाते.

दुखापतीची भरपाई ही विमा कंपनीची मेहेरबानी नव्हे आणि जखमीच्या हालअपेष्टांची करुण कहाणी सांगून ती वाढतही नाही. ती चार-पाच आकड्यांच्या गुणाकारातून निघते. मासिक उत्पन्न किती, वय किती, कायमच्या अपंगत्वामुळे कमाई शेकडा किती घटली, भावी उत्पन्नवाढ किती धरायची आणि अपघातात जखमीचा स्वतःचा दोष किती, हे ते आकडे. कंपनीने देऊ केलेली रक्कम कमी वाटत असेल, तर यांपैकी कोणता आकडा कोठे खाली ओढला गेला, हे शोधणे हीच वाटाघाटीची पहिली पायरी.

देणे कोणाचे आणि मागायचे कोठे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. वाहनाच्या धडकेत तिऱ्हाइताला दुखापत झाली, तर मालकावर येणारी भरपाईची जबाबदारी या विम्यामुळे कंपनी उचलते. मात्र जखमी माणूस आणि ती कंपनी यांच्यात कोणताही करार नसतो. तो कंपनीचा ग्राहक नसतो. त्यामुळे विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे धाव घेऊन उपयोग होत नाही. अनेक जण तेथे काही महिने घालवतात आणि रिकाम्या हाताने परततात. दाद मागण्याची जागा एकच : मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयांच्या ठिकाणी हे न्यायाधिकरण असते. अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो. कोल्हापूरच्या माणसाला नागपुरात अपघात झाला, तरी त्याला तारखांसाठी नागपूर गाठावे लागत नाही.

जखमी माणूस त्याच मोटारीत बसलेला असेल, तर आधी पॉलिसीचा प्रकार पाहावा लागतो. कायद्याने सक्तीची तेवढीच पॉलिसी असेल, तर खासगी मोटारीतील सहप्रवाशांची जबाबदारी कंपनी नाकारते. सर्वसमावेशक पॉलिसीत ते सहप्रवासी येतात. आणि स्वतःच्याच चुकीने जखमी झालेल्या मालक-चालकाला तिऱ्हाइताचा हक्क नसतो. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते व त्याचा दावा स्वतःच्या कंपनीकडे करायचा असतो.

कंपनीनेच प्रस्ताव ठेवावा, अशी तरतूद

पूर्वी तडजोड बहुधा खटला रखडल्यावर, लोकन्यायालयाच्या सुमारास होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती आरंभीच व्हावी, अशी रचना केली. भरपाईविषयीच्या या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक विमा कंपनीने दावे मिटविण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो. या अधिकाऱ्याने तपशीलवार प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. जखमीने तो मान्य केला, तर न्यायाधिकरण तडजोडीची नोंद करते आणि त्यानंतर जास्तीत जास्त ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे असतात. प्रस्ताव नाकारला, तर गुणदोषांवर सुनावणीची तारीख पडते. प्रस्ताव नाकारल्याने हक्क बुडत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. ‘आता नाही म्हणालात तर काहीच मिळणार नाही’ ही भीती निराधार असते.

पोलिसांच्या कामालाही वेळापत्रक घालून देण्यात आले आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावा, असा नियम आहे. या पद्धतीचे मूळ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ पासून आखून दिलेल्या व्यवस्थेत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात तिच्या अंमलबजावणीचे आदेश राज्यांना दिले. पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानावा, असेही कायदा सांगतो. तरीही त्यावर विसंबून राहणे बरे नव्हे. त्या अहवालात जखमीचे उत्पन्न, उपचार, अपंगत्व यांविषयी जेवढे उतरले असेल तेवढेच कंपनीच्या हाती लागते. स्वतंत्र अर्ज केला, तर आपली बाजू आपल्या कागदांनिशी मांडता येते.

मुदतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. दुरुस्तीनंतर अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन आले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि मुदत उलटली एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दिला. तो अंतरिम आहे, हे विसरू नये. उपचार संपलेले नसले, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करून ठेवणे आणि तडजोड मात्र उपचार स्थिरावल्यावर करणे, हाच सुरक्षित क्रम.

याच कायद्यात एक सापळाही दडलेला आहे. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. त्यामुळे बहुतेक जखमी या व्याख्येत बसतात. झटपट मिळणारे अडीच लाख कोणालाही मोहात पाडतील. परंतु ही रक्कम तडजोडीच्या प्रक्रियेतून स्वीकारली, की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. काही आठवड्यांत बऱ्या होणाऱ्या मनगटाच्या अस्थिभंगाला ही रक्कम पुरेशी ठरेल. कायमचे लंगडेपण आलेल्या तरुण कारागिराने ती घेणे म्हणजे उरलेल्या आयुष्याची कमाई सोडून देणे होय.

कागद आधी, बोलणी नंतर

रुग्णालयात दाखल होताना ‘रस्ते अपघात’ अशी वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली आहे ना, हे नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी पाहावे. ‘घरी जिन्यावरून पडले’ असे घाईत कोणी सांगून गेले आणि केसपेपरवर तसे उतरले, तर तो एक शब्द पुढे सगळा दावा अडवू शकतो. प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा व नकाशा, वाहनाचा नोंदणी क्रमांक, पॉलिसीची प्रत आणि चालकाचा परवाना यांच्या नकला पोलीस ठाण्यातून मिळवाव्यात. पंचनाम्यात वाहने कोणत्या बाजूला पडली होती, घसरल्याच्या खुणा किती लांब होत्या, हे लिहिलेले असते. दोष कोणाचा, हा वाद पुढे याच ओळींवर चालतो.

उपचारांचा मोठा भार पहिल्या दिवसांतच पडतो. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार नियुक्त रुग्णालयांत मिळतात. त्यापुढची प्रत्येक पावती, औषधाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा, तारीखवार लावावी. मेडिक्लेमसाठी मूळ बिले देऊन टाकावी लागत असतील, तर साक्षांकित प्रती ठेवाव्यात. ‘मेडिक्लेममधून पैसे मिळाले, मग आमच्याकडून पुन्हा कशाला?’ असा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर हमखास येतो. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिले आहे : स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो उत्पन्नाचा पुरावा. नोकरदाराजवळ वेतनचिठ्ठी, फॉर्म १६ आणि रजेचा दाखला असतो. स्वतःचा धंदा असलेल्याने आयकर विवरणपत्रे, बँकेचे पासबुक, शॉप अॅक्ट परवाना, मालखरेदीची बिले, कायम गिऱ्हाइकांची पत्रे असे जे असेल ते गोळा करावे. काहीच नसेल, तर किमान वेतनाच्या दराचा आधार घेतला जातो. म्हणजे महिन्याला २५ हजार मिळवणारा, पण सारे रोखीने घेणारा माणूस हिशेबात त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. गृहिणीचे उत्पन्न शून्य धरण्याची पद्धत मात्र न्यायालयांनी मोडीत काढली आहे. घरकामाचे मोल पैशांत धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात बजावले.

तपासनिसाला जबाब देण्यास हरकत नाही. पण वाचल्याशिवाय सही करू नये आणि ‘आता बरे वाटते’, ‘मीही जरा वेगात होतो’ अशी सौजन्याने उच्चारलेली वाक्ये त्यात शिरू देऊ नयेत. कोऱ्या किंवा न समजणाऱ्या इंग्रजी कागदावर तर नाहीच.

आकडा कसा बनतो

दुखापतीच्या भरपाईत कोणकोणत्या बाबी येतात, याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या खटल्यात ऑक्टोबर २०१० मध्ये केली. उपचार, औषधे, ने-आण व पौष्टिक आहाराचा खर्च. उपचारकाळात बुडालेली कमाई. कायमच्या अपंगत्वामुळे भविष्यात बुडणारी कमाई. पुढे लागणारा वैद्यकीय खर्च. आणि यांखेरीज वेदना, जीवनातील सुखांना मुकणे, विवाहाची शक्यता मावळणे, आयुर्मान घटणे यांबद्दलची रक्कम. साध्या दुखापतीत पहिल्या दोन बाबी आणि वेदनेची रक्कम एवढ्यावर भागते. खरा संघर्ष होतो तो भविष्यातील कमाईवरून.

त्यासाठी गुणकाची पद्धत वापरतात. वयानुसार कोणता गुणक घ्यायचा, याचा तक्ता ‘सरला वर्मा’ खटल्याच्या निकालाने २००९ मध्ये ठरवून दिला. १५ ते २५ वर्षांसाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, ६१ ते ६५ साठी ७ आणि त्यापुढे ५. उत्पन्न आज आहे तेवढेच कायम राहत नाही, म्हणून त्यात भावी वाढही मिळवतात. तिचे प्रमाण ‘प्रणय सेठी’ खटल्यात घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी निश्चित केले : कायम नोकरी असलेल्यांना चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० वयात ३० आणि ५० ते ६० वयात १५ टक्के, स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगारावर असलेल्यांना अनुक्रमे ४०, २५ आणि १०. हा खटला मृत्यूच्या भरपाईचा होता, त्यामुळे दुखापतीत ही वाढ लागू नाही, असा पवित्रा कंपन्या घेत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये, हात गमावलेल्या एका तरुण डेटा एंट्री ऑपरेटरच्या प्रकरणात, कायम अपंगत्व आलेल्या जखमीलाही ती मिळाली पाहिजे असे स्पष्ट केले. तसेच मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जिवंत जखमीच्या दाव्यात होत नाही. काही प्रस्तावांत ती चुकून, की चुकवून, केलेली आढळते.

उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातील ३४ वर्षांचा एक वायरमन. दुचाकीवरून जाताना मागून मोटारीची धडक बसली. मांडीचे हाड मोडले, गुडघा पूर्ण वाकत नाही. शिडी चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. महिन्याची कमाई २० हजार. अपंगत्वामुळे कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानले, तर हिशेब असा : वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यावर भावी वाढ ४० टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार; गुणक १६, म्हणजे ५३ लाख ७६ हजार; त्याचे ३० टक्के, म्हणजे १६ लाख १२ हजार ८०० रुपये.

आता कंपनीचा प्रस्ताव. कमाईचा पुरेसा पुरावा नाही म्हणून महिना १२ हजार. भावी वाढ नाही. कंपनीच्या डॉक्टरांच्या मते अपंगत्व १५ टक्के. गुणक तोच १६. उत्तर येते ३ लाख ४५ हजार ६००. दोन्ही हिशेबांची रीत एकच, तक्ताही एकच. तरी रकमांत साडेचार पटींहून अधिक अंतर. यात फक्त कमाई २० हजार सिद्ध झाली, तर आकडा ५ लाख ७६ हजारांवर जातो. भावी वाढ मिळाली, की ८ लाख ६ हजार ४००. आणि शेकडा १५ चे ३० झाले, की पुन्हा दुप्पट. ‘आणखी थोडे वाढवा’ अशी गळ घालण्यापेक्षा ही एकेक पायरी हातात कागद धरून चढणे, याला वाटाघाटी म्हणतात.

शेकड्याचा वाद

अपंगत्वाच्या टक्केवारीइतका गोंधळ दुसऱ्या कशातही होत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रावर ‘उजवा पाय ४० टक्के’ असे लिहिलेले असते. ते एका अवयवाचे अपंगत्व असते, संपूर्ण शरीराचे नव्हे. संपूर्ण शरीराचा विचार केला, की आकडा खाली येतो. कंपनीचा वकील बोट ठेवतो ते येथेच आणि त्याचे म्हणणे चुकीचेही नसते. परंतु शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट हीदेखील एक गोष्ट नव्हे. राजकुमार खटल्यातील उदाहरण सर्वांनाच पटण्याजोगे आहे : डावा हात गेला, तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कचेरीतील कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दोघांच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी एकच असेल, भरपाई एक नसेल. त्या खटल्यात प्रमाणपत्र पायाच्या ४५ टक्के अपंगत्वाचे होते. न्यायालयाने कमाईतील घट २० टक्के धरली. म्हणजे हा नियम दोन्ही बाजूंना कापतो.

म्हणून निव्वळ प्रमाणपत्र पुरत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून गुडघा किती अंश वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, शिडी चढणे, ओझे उचलणे, फार वेळ उभे राहणे यांपैकी काय कायमचे बंद झाले, हे लिहून घ्यावे. अपघातापूर्वी कोणती कामे घेत होता आणि आता कोणती नाकारावी लागतात, हे गिऱ्हाईक किंवा ठेकेदार सांगू शकतो. वायरमनचे ३० टक्के सिद्ध होतात ते अशा साध्या माहितीतून.

दुखापत स्थिरावण्याआधी ही टक्केवारी ठरवू नये. हाड जुळण्याची वाट पाहत असताना, पट्टी-स्क्रू अजून आत असताना केलेली तडजोड कंपनीच्या पथ्यावर पडते. पुढे जंतुसंसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तरी एकदा मिटलेला दावा त्या कारणासाठी उघडता येत नाही. मेंदूला किंवा मणक्याला मार असेल तर अधिकच थांबावे. सतत सोबतीची गरज असणाऱ्या जखमींच्या बाबतीत, मदतनिसाचा खर्चही एकरकमी अंदाजाने न धरता गुणकाने मोजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटले आहे. ही सोबत आई-बायको विनामोबदला करत असली, तरी तिचे मोल मागायला संकोचू नये.

प्रस्ताव हाती आल्यावर

रक्कम तोंडी सांगितली गेली, तर बाबवार तपशील लेखी मागावा. कायद्यालाही तपशीलवार प्रस्तावच अभिप्रेत आहे. बोलणाऱ्या अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतच मंजुरीचे अधिकार असतात. त्यापुढची रक्कम वरिष्ठ कार्यालयाकडे जाते. ‘माझ्या हातात एवढेच’ हे त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. अशा वेळी त्याच्याशी वाद घालण्याऐवजी वर पाठवता येईल असे टिपण त्याच्या हाती द्यावे : उत्पन्नाचा कागद, डॉक्टरांचे मत, लागू असलेला निकाल आणि त्यातून येणारा आकडा. फाइलवर कारण असल्याशिवाय कंपनीत रक्कम वाढत नाही.

कंपनीची नेहमीची हत्यारे ठरलेली आहेत. पहिले, जखमीचाही दोष होता. हेल्मेट नव्हते, दुचाकीवर तिघे होते, असे मुद्दे येतात. नियमभंग आणि अपघाताचे कारण यांत फरक आहे. दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून त्यांचा दोष ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. मात्र पंचनाम्यात दुचाकी विरुद्ध दिशेने आल्याचे दिसत असेल, तर २५ टक्क्यांची कपात मान्य करून मिटवणे शहाणपणाचे. दुसरे हत्यार, चालकाचा परवाना योग्य नव्हता. तो वाद मुख्यत्वे कंपनी आणि मालक यांच्यातला. अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत व मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. २००४ पासून ही वाट रुळलेली आहे.

तिसरे हत्यार म्हणजे वेळ, आणि तेच सर्वांत धारदार. येथे व्याजाचा हिशेब कामी येतो. अर्जाच्या तारखेपासून न्यायाधिकरण व्याज देऊ शकते व त्याचा दर बहुधा सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असतो. वर दिलेल्या वायरमनच्या १६ लाख १२ हजार ८०० रुपयांत उपचारांचे २ लाख ८० हजार, सहा महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे १ लाख २० हजार, आहार-प्रवास-मदतनिसाचे ६० हजार, वेदना व सुखहानीचे दीड लाख आणि पट्टी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे ६० हजार मिळवले, तर एकूण २२ लाख ८२ हजार ८०० होतात. दावा तीन वर्षे चालला आणि कंपनीने ‘सगळे मिळून १८ लाख’ देऊ केले. मुद्दलाशी तुलना केली, तर हे जवळपास ७९ टक्के, म्हणजे बरेच वाटतात. पण भावी शस्त्रक्रियेचा खर्च वगळून उरलेल्या रकमेवर सात टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळव्याज ४ लाख ६६ हजारांवर जाते आणि येणे साडेसत्तावीस लाखांच्या घरात पोहोचते. त्या तुलनेत १८ लाख म्हणजे ६५ टक्के. पंचनामा डळमळीत असेल, तर तेही घेण्यासारखे. मोटारचालकाचा दोष उघड असेल, तर नाही.

लवकर पैसे मिळण्यासाठी काही सोडणे गैर नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकते आणि त्यात आणखी वर्षे जातात. फक्त सूट द्यायची ती योग्य हिशेबातून द्यावी. अर्जात मागितलेली रक्कम कमी होती म्हणून हात बांधले गेले, असेही समजू नये. न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त असेल, तर तीही देता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस मान्य केले आहे.

लोकन्यायालय, वकील आणि पैसे

तडजोड कोठेही ठरो, ती न्यायाधिकरणापुढे किंवा लोकन्यायालयात नोंदली गेली पाहिजे. चहाच्या टपरीवर स्टॅम्प पेपरवर झालेला करार पुढे दोन्ही बाजूंना त्रासाचा ठरतो. लोकन्यायालयाच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील नसते. अपील नसणे हा कंपनीसाठी जसा अडसर, तसाच जखमीसाठीही. म्हणून तडजोडीच्या पुरसिसवर सही करण्यापूर्वी रक्कम व्याजासह आहे की व्याजाविना, किती दिवसांत मिळणार, उशीर झाल्यास कोणत्या दराने व्याज आणि आधी मिळालेली रक्कम त्यात धरली आहे का, हे चार मुद्दे लिहिलेले आहेत ना, ते पाहावे. लोकन्यायालयाचे पॅनेल निकाल लादू शकत नाही. आकडा पटला नाही, तर प्रकरण पुन्हा नेहमीच्या सुनावणीला जाते; तेथून उठून येण्यात कोणाचा अवमान होत नाही.

‘मिळेल त्यातले २० टक्के’ अशी फी ठरवण्याची रीत सर्रास दिसते. बार कौन्सिलच्या नियमांना ती मंजूर नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१७ रोजी, अपघाताच्याच भरपाईतून उद्भवलेल्या एका प्रकरणात, अशी टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. फी आधी ठरवावी व लेखी घ्यावी. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया, कोठडीतील व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.

रक्कम शक्यतो थेट जखमीच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सुचवले आहे. त्यासाठी खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि पॅन अर्जाबरोबरच द्यावेत. खाते जखमीच्या एकट्याच्या नावे असलेले बरे. जखमी अज्ञान असेल, तर रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो आणि सज्ञान होईपर्यंत ती मोडता येत नाही. प्रौढांच्या बाबतीतही मोठी रक्कम काही वर्षांच्या ठेवींत विभागून ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. उपचारासाठी मधेच पैसे लागले, तर डॉक्टरांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ठेव मोडण्याची परवानगी मागता येते. पट्टी काढण्याची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाने ठरलेली असेल, तर तेवढी रक्कम ठेवीतून वगळून खात्यावरच द्यावी, अशी विनंती तडजोडीच्या दिवशीच करावी.